कणगीतली दुपार

रविवार होता. वसतिगृहाच्या पायरीवर बसून मी एका मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत होते, तेवढ्यात फाटक ढकलून खोब्रागडे मॅडम आत आल्या. त्या सरकारी वकील. आमच्या एका मुलीला शाळेतून काढून तिचं लग्न लावायचा घाट घरच्यांनी घातला होता, तेव्हा त्या धावून आल्या होत्या. तेवढीच आमची ओळख.

“कोवेबाई, तुम्हाला माडिया येते ना?” त्यांनी उन्हात उभ्या उभ्याच विचारलं.

“येते म्हणजे? माझ्या आईची भाषा आहे ती.”

“मग उद्या कोर्टात याल? दुभाषी म्हणून?”

मुलीला मी आत पिटाळलं. मॅडम पाणी प्यायल्या, पायरीवरच त्यांनी बैठक मारली आणि सगळं सांगितलं. नदीपलीकडच्या पेरमेटा गावची एक बाई होती. बऱ्याच वर्षांपूर्वी बंदूकवाल्यांनी त्या गावात मुक्काम ठोकला होता. गावातले पुरुष रानात पळाले होते. बंदूकवाल्यांतल्या एकानं भर दुपारी तिच्या घरात शिरून तिच्यावर अत्याचार केला. तिनं तक्रार केली ती फार उशिरा. खटला उभा राहिला, पण साक्षीच्या दिवशी ती बोललीच नाही.

“दुभाषी पुरुष होता,” मॅडम म्हणाल्या. “माणूस भला होता, पण तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आरोपीचे वकील म्हणाले, साक्षीदाराला काही सांगायचं नाही, तसं नोंदवून घ्या. मी अडून बसले आणि उद्याची तारीख मिळवली. बाई दुभाषी मिळणं हा तिचा हक्क आहे. उपकार नाही कोणाचा.”

मला भीती वाटली, हे कबूल करते. माझ्या वसतिगृहातल्या मुली त्याच गावांमधून यायच्या. त्या काळी आमच्या भागात बंदुका दोन बाजूंच्या होत्या आणि ‘कोवेबाई कोणाच्या बाजूनं उभी राहिली’ हे पलीकडे पोचायला वेळ लागला नसता. तो माणूस कोणत्या बाजूचा होता, हे मी इथं लिहिणार नाही. तिनं स्वतः तो फरक कधीच केला नाही. ती नुसतं ‘बंदूक’ म्हणायची. बंदूक आली, बंदूक बसली, बंदूक निघून गेली.

तिचं खरं नावही लिहीत नाही. जुरी म्हणूया. हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे.

“मला कोणाची बाजू घ्यायला लावू नका,” मी मॅडमना म्हटलं.

“घ्यायचीच नाही. ती जे म्हणेल ते, तसंच्या तसं. एक शब्द जास्त नको, एक कमी नको. आणि ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. ती ‘मी’ म्हणाली की तुम्हीही ‘मी’च म्हणायचं.”

हे मला त्या वेळी अगदी सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात मी जुरीला पहिल्यांदा पाहिलं. बुटकी, चिवट अंगाची, कपाळावर गोंदण. ज्या महिला संस्थेच्या घरी तिची उतरायची सोय होती, तिथल्या बायकांनी तिला नवी साडी नेसवली होती. खळीनं ती इतकी कडक झाली होती, की जुरी सारखी ती गुडघ्यापाशी दाबत होती. शेजारी तिची मुलगी, चिन्नी. नुकतीच अठराची झालेली, आश्रमशाळेत दहावी पास, मराठी माझ्याइतकीच साफ.

“मग हीच का नाही दुभाषी?” मी हळूच मॅडमना विचारलं.

“मुलीसमोर बोलायला आई तयार नाही.”

खटला बंद दाराआड चालायचा होता. चिन्नी बाहेर खिडकीखालच्या बाकावर बसली, आम्ही आत गेलो आणि शिपायानं दार लोटून घेतलं. आरोपी आणि साक्षीदार यांच्यामध्ये हिरवा पडदा लावला होता. माझी शपथ झाली. मग जुरी पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीश काही विचारणार, इतक्यात तिनंच माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत त्या?” न्यायाधीश.

माझी पंचाईत झाली. “साहेब, ती... मी... म्हणजे, त्या मला विचारतायत, तू कोणाची म्हणून.”

न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “सांगा ना मग.”

मी माझ्या आईचं गाव सांगितलं, कूळ सांगितलं. जुरीनं मान डोलावली. मामाच्या नात्यातून कुठंतरी धागा जुळत असावा. “मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि बोलू लागली.

ती सावकाश, एकेक गोष्ट जमिनीवर मांडून ठेवावी तशी सांगत होती. मोहफुलं वेचायचे दिवस होते. घरी सूप भरून फुलं वाळत घातली होती. तो आदल्या दिवशी पाणी मागायला दाराशी आला होता, तिनं दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आला तो न विचारता आत आला. पुढचंही तिनं सांगितलं. मी ते ‘मी’ म्हणत मराठीत सांगत गेले आणि हे ‘मी’ नक्की कोणाचं, तेच मला कळेना. जाताना त्यानं सुपातली मूठभर मोहफुलं तोंडात टाकली, हेही तिनं सांगितलं. टंकलेखिकेचे हात तिथं एकदा थांबले.

“इतकी वर्षं तक्रार का केली नाही?” खोब्रागडे मॅडमनी विचारलं.

“कोणाला सांगणार? सांगायला जायचं तिथंही बंदूकच असायची.”

“मग आता का केली?”

“तो मला बाजारात दिसला. साध्या कपड्यांत. माझ्या टोपलीपाशी बसला आणि चारोळीचा भाव विचारला. माझ्या तोंडाकडे बघून विचारला. त्यानं मला ओळखलंच नाही. मी घरी गेले आणि मला वाटलं, आता हे फक्त माझ्यापाशी उरलंय. मी मेले की झालंच नाही असं होईल.”

जेवणाच्या सुट्टीनंतर आरोपीचे वकील उठले. पुराणिक त्यांचं नाव. आवाज मऊ, प्रश्न धारदार. तुमच्या घराच्या आजूबाजूला किती घरं आहेत? शेजारी बायका होत्या ना गावात? हाकेच्या अंतरावर? जुरी हो म्हणत गेली.

“मग तुम्ही ओरडलात का नाही?”

मी प्रश्न माडियात विचारला. जुरीनं कडक साडी मुठीत दाबली.

“माझ्या अशिलानं तुमचं तोंड दाबलं होतं का?”

“नाही.”

“मग ओरडायला अडचण काय होती?”

जुरीनं मान खाली घातली. मॅडमनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, प्रश्न धमकावल्यासारखा विचारू नका, पण साक्षीदाराला उत्तर द्यायचं असेल तर देऊ द्या. पुराणिक खाली बसायच्या बेतात आले. आता पुन्हा ‘सांगायचं काही नाही’ अशी नोंद होणार, हे मॅडमच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा जुरीनं खिडकीकडे पाहिलं आणि मला विचारलं, “बाहेर ऐकू जातं का?”

मी ते न्यायाधीशांना तसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी विचारलं, “बाहेर कोण आहे?”

“माझी मुलगी.”

न्यायाधीशांनी शिपायाला बोलावलं, बाहेरच्या मुलीला समोरच्या उपाहारगृहात चहाला घेऊन जा म्हणून सांगितलं. खिडकीही लावून घ्यायला लावली. चिन्नीच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत जुरी थांबली.

“मी ओरडले नाही,” ती म्हणाली, आणि मी म्हटलं, “मी ओरडले नाही. माझी पोर घरात होती. त्याची चाहूल लागली तेव्हा मी तिला उचलून कणगीत ठेवलं. धान संपलेलं होतं, कणगी रिकामी होती. मी हाक मारीपर्यंत बाहेर यायचं नाही, असं तिला सांगितलं. मी ओरडले असते तर ती बाहेर आली असती. लहान होती. आई ओरडली की पोर येणारच.”

पुराणिकांनी चष्मा काढून पुसला.

“मी तोंडात पदर कोंबला. मीच. त्यानं नाही. तो गेला, तरी मी लगेच हाक मारली नाही. आधी तोंड धुतलं, साडी बदलली. मग हाक मारली. ती झोपली होती. झोपलेलीच मी तिला बाहेर काढली. तिला काही माहीत नाही. तिला माहीत होऊ नये म्हणून मी गप्प राहिले. तेव्हाही, नंतरही.”

पुराणिकांना त्यांचं काम करायचंच होतं. त्यांनी पोलिसांपुढचा जबाब वर उचलून धरला. “यात मुलीचा उल्लेख कुठंच नाही. आज अचानक मुलगी आली, कणगी आली. आणि ती मुलगी होती तरी झोपलेली! सोयीचं आहे सगळं.”

पाच वाजता कोर्ट उठलं. जुरीच्या खांद्यावर हात ठेवून मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं, “तुम्ही बोललात. बास.”

त्या संस्थेच्या घरी मीही गेले, कारण तिथं जुरीशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मॅडमनी मला बजावलं होतं, साक्षीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मॅडमही आल्या आणि व्हरांड्यात खुर्चीवर कागद चाळत बसल्या. जुरी त्या घराच्या आवारात चूल मांडायला जागा आहे का ते बघत होती. गॅसवरचं जेवण तिला नको होतं.

चिन्नी माझ्यापाशी आली. “बाई, मला चहाला का पाठवलं?”

“ते मला सांगता येत नाही, बाळा. ते तुझ्या आईचं आहे. सांगायचं की नाही, तिचं ती ठरवेल.”

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग वळून आईकडे गेली. जुरी तीन विटा लावून वाकून जाळ फुंकत होती. चिन्नी तिच्याशेजारी उकिडवी बसली.

“ओरडली का नाहीस, असं विचारलं ना त्यांनी? तेवढं ऐकू आलं मला.”

जुरीची फुंकर तिथंच थांबली.

“आई, मी झोपले नव्हते.”

मी चार हात लांब उभी होते. कोर्टात असते तर मला हे मोठ्यानं मराठीत सांगावं लागलं असतं. इथं ते माझं काम नव्हतं.

“कणगीला खालच्या अंगाला शेण निघून फट पडली होती,” चिन्नी म्हणाली. “मी सगळं पाहिलं. तू पदर तोंडात घातलास ते पाहिलं. मी ओरडणार होते, पण तू म्हणाली होतीस, हाक मारल्याशिवाय यायचं नाही. मग तू हाक मारलीस तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तुला वाटावं, मी झोपलेय. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुला किती बरं वाटलं, ते मला डोळे मिटूनही कळलं. म्हणून मी कधीच बोलले नाही.”

जुरीच्या हातातली फुंकणी खाली पडली. ती रडली नाही. तिनं मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नुसती बघत राहिली, जणू ते तोंड तिला पुन्हा ओळखायचं होतं. मग तिनं एकच वाक्य म्हटलं. “इतकी वर्षं तू एकटी होतीस?”

“तूपण,” चिन्नी म्हणाली.

जाळ विझून गेला. मी पुढं होऊन तो पेटवला, कारण माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

व्हरांड्यातून मॅडमनी विचारलं, “काय झालं, कोवेबाई?”

“त्यांना विचारा,” मी म्हटलं.

चिन्नीनं मराठीत त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “मॅडम, मी साक्ष देते.”

मॅडम वकील होत्या. त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. हातातून निसटलेली केस पायांनी चालत परत येत होती. पण जुरीला मी ते माडियात सांगितलं तेव्हा ती ताडकन उठली.

“नाही. हिचं लग्न व्हायचंय. हिला तिथं उभी करायची नाही. मी एवढं केलं ते कशासाठी?”

“आई, मी आता लहान नाही.”

“माझ्यासाठी आहेस.”

दोघी एकमेकींशी भांडू लागल्या. कडकडून, मोठमोठ्यानं. संस्थेच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि मला मात्र ते भांडण ऐकून हलकं वाटत होतं. दोघींनी इतकी वर्षं एकमेकींशी किती जपून बोलायचं हे ठरवून घेतलं होतं, आणि आज पहिल्यांदाच कोणी कोणाला जपत नव्हतं.

मॅडम मध्ये पडल्या. “जुरीताई, मी खरं सांगते. चिन्नी बोलली तर केस मजबूत होईल. नाही बोलली तर आपण हरूही. पण तुमच्या दोघींपैकी एकीचीही ना असेल, तर मी तिला बोलावणार नाही. जे हातात आहे त्यावर लढेन. मागून कधी बोल लावणार नाही.”

मी ते सांगितलं. जुरीनं पुन्हा विचारलं, “खरंच बोलावणार नाही?”

“नाही.”

ती विटांपाशी बसली. भात शिजला, आम्ही जेवलो. मी घरी जायला निघाले तेव्हा जुरीनं मला फाटकाशी गाठलं.

“ती बोलत असताना मला आत बसता येईल?”

“मॅडमना विचारते.”

“विचार. मी बसणार असेन तरच.”

सकाळी मॅडमनी चिन्नीला साक्षीला बोलावण्याचा अर्ज दिला. पुराणिकांनी कडाडून विरोध केला. ही साक्षीदार यादीत नव्हती, तेव्हा ती अजाण होती, रात्रीत पढवून आणलेली आहे. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिन्नीला बोलावलं. आईची साक्ष संपली होती, त्यामुळं तिला आत बसायला हरकत नव्हती. जुरी आपलं रोजचं जुनं लुगडं नेसून आली होती. मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसली.

“तुला मराठी येते, दुभाषी कशाला हवा?” न्यायाधीशांनी चिन्नीला विचारलं.

“मला येते, साहेब. पण माझ्या आईला कळलं पाहिजे मी काय बोलते ते.”

तेव्हा चिन्नी माडियात बोलली आणि मी मराठीत. फट कुठं होती, ते तिनं सांगितलं. तो माणूस नंतर खाली बसून बुटाची नाडी बांधत होता आणि त्याचं तोंड तिच्यापासून किती अंतरावर होतं, ते तिनं दोन हात पसरून दाखवलं. ते अंतर मला सांगावं लागलं नाही, सगळ्यांनीच पाहिलं. पडदा सरकवला तेव्हा तिनं त्याला ओळखलं. तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. त्यानंच दुसरीकडे पाहिलं.

पुराणिक उठले. “तुझी आई काल शपथेवर म्हणाली, तू झोपली होतीस. तू म्हणतेस, जागी होतीस. मग खोटं कोण बोलतंय?”

“मी,” चिन्नी म्हणाली.

पुराणिक थबकले.

“मी बोलले खोटं. कणगीतून बाहेर काढताना झोपेचं सोंग केलं. आईला अगदी कालपर्यंत ते खरं वाटत होतं. ती तुम्हाला खरंच बोलली, तिला जे ठाऊक होतं ते.”

मागच्या बाकावरून आवाज आला. जुरी बोलली होती. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. साक्ष चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, पण त्यांनी हातानं खूण केली, सांगा.

“त्या म्हणतायत... मी म्हणते,” मी म्हटलं, “पोरीला बसायला खुर्ची द्या. खूप वेळ उभी आहे.”

शिपायानं खुर्ची आणून दिली.

निकाल लागायला पुढचा हिवाळा उजाडला. त्याला शिक्षा झाली. अपिलात ती टिकली. निकालाच्या दिवशी जुरी कोर्टात नव्हती, शेतात कापणी होती. मॅडमनी आणि मी गावी जाऊन तिला सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला, विचारलं, “म्हणजे आता तो बाजारात येणार नाही?” नाही म्हटल्यावर तिनं आम्हाला बांधावर बसवलं आणि आंबील प्यायला दिली. चिन्नीचं लग्न जमायला काही अडलं नाही. जमवलं तिनंच, आईला न विचारता. त्यावरूनही दोघी कडकडून भांडल्या म्हणे.

गावानं लगेच काही जुरीला डोक्यावर घेतलं नाही. काही बायका तिच्या दारावरून जाताना बोलायच्या थांबल्या. काही मात्र तिच्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या, त्या येऊन बसू लागल्या. का येतात, ते जुरीनं कधी विचारलं नाही. बसू द्यायची.

तीन-चार वर्षांनी, मी दुसऱ्या वसतिगृहात बदलून गेल्यावर, एका सकाळी फाटकाशी दोन बायका उभ्या दिसल्या. एक जुरी. दुसरी तिच्यापेक्षा तरुण, अनोळखी, पदर दातांत धरलेला.

“जोहार,” जुरी म्हणाली. “वकीलबाई आहेत का गावात?”

“आहेत. काय काम काढलंस?”

“हिचं आहे. कदाचित.”

मी दोघींना आत घेतलं. तरुण बाई भिंतीला टेकून बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. मी तिला तिचं नाव विचारणार, तेवढ्यात जुरीनं हातानं मला थोपवलं. ती त्या बाईला खेटून बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि खालच्या आवाजात बोलू लागली.

“ही सगुणाबाई कोवे. हिची आई आपल्यातली. तू म्हणशील ते ही तसंच्या तसं सांगते, स्वतःचं काही घालत नाही. आत मी तुझ्याशेजारी बसेन, त्यांना ते करू द्यावं लागतं, मी विचारून ठेवलंय. नाव बाहेर जात नाही. आणि आज तोंड उघडावंसं वाटलं नाही, तर नको उघडू. आपण जेवू, बाजारातून तुझ्या पोरांना काहीतरी घेऊ आणि घरी जाऊ. परत यावंसं वाटलं तर मला हाक मार. मी येईन.”

त्या बाईनं दातांतला पदर सोडला.

“आधी पाणी दे,” ती मला म्हणाली.